परवाना असला म्हणून पिस्तूल दाखवत फिरायचं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 ला हत्या झाली, त्यानंतर आपल्या बीड जिल्ह्यातले बंदुकीचे परवाने चर्चेत आले, एका जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने दिलेच कसे म्हणून ओरड झाली आणि मग तपासणी होऊन शंभरावर परवाने रद्दही झाले. ते चांगलंच झालं. पण ज्यांचे परवाने राहिलेत ते लोक पिस्तूल कसं घेऊन फिरतात याच्याकडं पोलिसांचं अजूनही लक्ष नाही, आणि मला राग येतो तो याचाच.

परवा एका लग्नात पाहुण्यांपैकी एक जण पंगतीत आग्रह करत फिरत होता. शर्ट खोचलेला, कमरेला पिस्तूल उघडं. वाढायला वाकला की पिस्तुलाची मूठ खाली बसलेल्या लेकरांच्या बरोबर तोंडासमोर यायची, एक चार-पाच वर्षांचं पोरगं हात लावायला गेलं तर त्याच्या आईनं त्याला पानावरनं ओढून मागं घेतलं, पण त्या माणसाला बोलायची तिची काय हिंमत झाली नाही. दारात बंदोबस्ताला हवालदार होते, त्यांना सांगितलं तर म्हणले, "लायसन हाय की त्यांच्याकडं, आपल्याला काय करता येतंय?"

करता येतं साहेब, भरपूर करता येतं. शस्त्र नियम 2016 मधला 32 नंबरचा नियम कुणीही मोबाईलवर काढून वाचावा. परवाना असला तरी चारचौघात पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमधे नाहीतर बॅगेत पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर ताबा पाहिजे. लग्न, जत्रा, मिरवणूक, सभा इथं ते काढून मिरवायला बंदी आहे. आणि आनंदात बार उडवून कुणाच्या जिवाला धोका केला तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीप्रमाणं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. शस्त्र कायद्याच्या कलम 19 प्रमाणं कोणताही पोलीस तिथंच परवाना दाखवा म्हणू शकतो, नियम मोडला तर शिक्षेला कलम 30 आहे, आणि कलम 17 खाली कलेक्टर परवाना निलंबित नाहीतर रद्दसुद्धा करू शकतात. पण ठाण्यातनं रिपोर्टच वर गेला नाही तर कलेक्टरला कळणार कसं? आज होतं काय, तर रील व्हायरल झालं आणि वरनं फोन आला की मगच गुन्हा दाखल होतो, तोपर्यंत सगळं माफ.

बरं, पोलिसांना कायदा माहीतच नाही असंही म्हणता येत नाही. गल्लीतल्या पोरानं वाढदिवसाला तलवारीनं केक कापला की दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याचं 4/25 लागतं, वर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 135 लागतं, पोराचा पोलिसांमधे उभा असलेला फोटो पेपरात येतो. कारवाई बरोबरच आहे, तलवार काय खेळणं नाही. पण जिल्ह्यात सारखे निघणारे त्याच पोलीस कायद्याच्या कलम 37(1) चे शस्त्रबंदीचे आदेश वाचा, त्यात तलवारी, काठ्या, भाल्यांबरोबर बंदूकही लिहिलेली असते. मग गाड्यांचा ताफा घेऊन येणाऱ्याला वेगळा न्याय कुठनं आला?

माझ्या चुलत्यांकडं पीक संरक्षणाची बारा बोर बंदूक होती, रोही आणि रानडुकरं हाकलायला. गवसणी घातल्याशिवाय ती कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही, आणि निवडणूक लागली की पोलिसांच्या निरोपाची वाट न बघता ते स्वतः जाऊन ठाण्यात जमा करायचे. ज्याला खरंच गरज आहे, शेतकरी असो, सराफ असो, रोकड नेणारा असो, त्याचा परवाना काढून घ्या असं मी म्हणत नाही. असे लोक दाखवत फिरतही नाहीत.

एसपी साहेबांना विनंती आहे की नियम 32 मराठीत छापून प्रत्येक ठाण्याच्या बोर्डावर लावा, लग्न-जत्रेच्या बंदोबस्ताला जाणाऱ्या हवालदाराला लेखी सांगा की उघडं पिस्तूल दिसलं की परवाना तपासायचा, स्टेशन डायरीत नोंद करायची आणि रिपोर्ट कलेक्टर ऑफिसला पाठवायचा, मग तो माणूस कोणत्याही पुढाऱ्याचा असो. असे किती रिपोर्ट गेले आणि त्यातले किती परवाने निलंबित झाले, हे दर महिन्याला आपल्या पेपरात येऊ द्या.

आपला,
एक वाचक, केज तालुका, जि. बीड