‘सुरक्षेच्या कारणास्तव’ या उत्तरानंतर काय करायचं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं उत्तर वाचलं. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल तू माहिती अधिकारात सहा प्रश्न विचारलेस आणि जन माहिती अधिकाऱ्याने सगळ्यांचा निकाल एका ओळीत लावला: ‘सदर माहिती कलम ८(१)(ए) अन्वये देता येत नाही.’ म्हणजे माहिती अधिकार कायद्यातलं देशाच्या सुरक्षेच्या कारणाने नकार देण्याचं कलम. विषय इथेच संपला, असं तू लिहिलंस. मला तसं अजिबात वाटत नाही. असलं एकोळी उत्तर कायद्यापुढे टिकायला फार कच्चं असतं, आणि ते तसंच सोडून दिलं तर पुढच्या प्रत्येक अर्जदाराच्या हातात तेच पडतं.

आधी एक गोष्ट मान्य करू. सरकारकडे खरी गुपितं असतात आणि ती राहिलीच पाहिजेत. खबऱ्याचं नाव, सैन्य कुठे उभं आहे, सांकेतिक भाषेच्या किल्ल्या, चालू असलेल्या पाळतीचं लक्ष्य. यातलं काही बाहेर पडलं तर माणसं मरतात. म्हणून कलम ८(१)(ए) रद्द करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझा आग्रह एवढाच की, गुपित काय आहे ते सांगू नका, पण ते गुपित का आहे हे सांगा. आपल्या कायद्यानेही नेमकं हेच मागितलं आहे. कलम ७(८) नुसार नकार देताना कारणं द्यावीच लागतात; अपील किती दिवसांत आणि कोणाकडे करायचं हेही लिहावं लागतं. कलमाचा आकडा टाकणं म्हणजे कारण देणं नव्हे. (ए) मध्ये माहिती उघड झाल्याने सुरक्षेला बाध येईल अशी अट आहे, म्हणजे कोणत्या माहितीने कोणता बाध, ही साखळी अधिकाऱ्याने जोडून दाखवायची असते. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) ने त्याच्यावरच टाकला आहे, तुझ्यावर नाही.

आता तुझ्या अर्जाकडे वळतो, कारण थोडी गडबड तिथेही आहे. तुझा पहिला प्रश्न होता, कॅमेरे नेमके कुठे बसवले आहेत. हा सोडून दे. त्यात त्यांची बाजू खरोखर भक्कम आहे, आणि या एका प्रश्नाच्या आडोशाने त्यांना बाकीचे पाचही नाकारता आले. कलम १० नुसार देण्याजोगा भाग वेगळा काढून द्यावाच लागतो, हे अपिलात ठळक लिही. पण तो वेगळा काढणं त्यांना सोपं जाईल अशी मांडणी आपण अर्जातच केलेली बरी.

दुसरा प्रश्न, ‘यंत्रणा किती अचूक आहे?’ याचं उत्तर म्हणजे मत झालं. कायदा तुला अभिलेख, म्हणजे कार्यालयात असलेले कागद आणि नोंदी देतो, अधिकाऱ्याचं मत तयार करून देत नाही. तेच असं विचार: ‘खरेदीपूर्वी घेतलेल्या चाचणीच्या अहवालाची प्रत. जुळणी ग्राह्य धरण्यासाठी साम्याची किमान टक्केवारी ठरवणाऱ्या आदेशाची प्रत.’ ही टक्केवारी म्हणजे काही सीमेवरचं गुपित नाही. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातच सांगितलं होतं की ८० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर ते जुळणी मानतात. मग इथे तोच आकडा देशाच्या सुरक्षेला बाधक कसा, हे त्यांनी सांगावं. आणि हा आकडा महत्त्वाचा आहे. तो खाली आणला की निरपराध माणसं जाळ्यात येतात, फार वर नेला की खरा आरोपी निसटतो. हा तोल कोणी, कोणत्या अधिकारात ठरवला, हे विचारण्याचा हक्क ज्याचा चेहरा टिपला जातो त्याला नसेल तर कोणाला असेल?

उरलेल्या चारांपैकी खरेदीचा आदेश आणि रक्कम सरळ माग. ‘व्यापारी गुपित’ म्हणून ८(१)(डी) पुढे येईल. सार्वजनिक पैशातून झालेल्या कराराची रक्कम त्यात बसत नाही असं लिही. चेहऱ्यांचा साठा किती दिवस ठेवतात आणि कधी पुसतात, त्याचा नियम किंवा परिपत्रक माग. आणि दरमहा एकूण किती जुळण्या, त्यातल्या किती चुकीच्या निघाल्या, एवढे नुसते आकडे. आपल्या महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अपिलाबरोबरच हे प्रश्न नव्याने विचारणारे दोन अर्ज कर. प्रत्येकावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, नमुना जोडपत्र ‘अ’ चा. माहिती कशासाठी हवी हे लिहू नकोस. कलम ६(२) नुसार ते विचारताच येत नाही.

नुसते आकडे मागण्यावर माझा एवढा भर का, ते फोन टॅपिंगच्या उदाहरणावरून कळेल. २०१३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने माहिती अधिकारात कळवलं होतं की केंद्राकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश निघतात. कोणाचं नाव नाही, नंबर नाही. सुरक्षेला धक्का पोचल्याचंही कोणी दाखवलं नाही. पण त्या एका आकड्याने फार मोठी गोष्ट उघडी पडली. हे आदेश तपासणारी समिती दोन महिन्यांतून एकदा बसणार. म्हणजे एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश! माहिती संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हेच गणित मांडलं. दिवसभर बसून एकेक आदेश वाचायचा म्हटला तरी दर आदेशाला दोन-तीन सेकंदही मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात जी तपासणी घालून दिली, ती कागदावर उरली आहे हे त्या एका संख्येवरून समजतं. पुढे असेच आकडे मागितले तर नकार मिळाला, आणि नंतर नोंदी नियमाप्रमाणे नष्ट केल्याचं उत्तर आलं. टॅपिंगच्या नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करण्याची तरतूद नियमांतच आहे. म्हणून अशा विषयात उशीर करायचा नाही, आणि ‘अपील निकाली निघेपर्यंत अभिलेख जतन करावेत’ हे वाक्य अर्जात पहिल्या दिवसापासून घालायचं.

‘गोपनीय’ शिक्क्याची धास्ती तू लिहिली आहेस. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून जिवंत आहे, हे खरं. त्यात ‘गुप्त’ म्हणजे काय याची व्याख्याच नाही, आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये तो रद्द करण्याची शिफारस केली होती. पण माहिती अधिकाराचं कलम २२ त्याच्यावर मात करतं, आणि कलम ८(२) सांगतं की जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर तो कायदा आणि ८(१) ची सूट असूनही माहिती देता येते. अपिलात ८(२) चा स्वतंत्र परिच्छेद हवाच. बहुतेक लोक तो विसरतात. मात्र एक पथ्य कसोशीने पाळ. कार्यालयातल्या कोणी आपुलकीने शिक्का असलेल्या कागदाची झेरॉक्स देऊ केली तर घेऊ नकोस. त्या कायद्याच्या कलम ५ मध्ये असा कागद जाणूनबुजून स्वीकारणं हादेखील गुन्हा आहे. अर्जाच्या वाटेने जे येईल तेच घे.

अपिलात त्यांचं उत्तर बदलेल, त्याची तयारी ठेव. ‘तपास चालू आहे’ म्हणून ८(१)(एच) पुढे केलं, तर दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगत सिंग निकाल जोड: नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. कलम २४ खाली आमचा विभागच या कायद्यातून वगळलेला आहे असं म्हणाले, तर त्या अधिसूचनेची प्रत माग. वगळलेल्या संस्थांनाही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांची माहिती द्यावी लागते. आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा’ एवढंच पुन्हा म्हणाले, तर ५ एप्रिल २०२३ चा मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीचा निकाल आहे. गृह मंत्रालयाने वाहिनीच्या परवान्यासाठी लागणारी सुरक्षा मंजुरी नाकारली आणि कारणं बंद लिफाफ्यात फक्त न्यायाधीशांना दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही, त्यामागे सामग्री हवी. आणि जिथे दावा खरा आहे तिथेही नाजूक भाग झाकून बाकीचं समोरच्याला देता येतं, असा त्याचा आशय. संबंधित परिच्छेद छापून जोड, नुसतं नाव लिहून भागत नाही.

पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचं तिकीट. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. तिथे नाही जमलं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे सुनावणीला वर्षाच्या वर लागू शकतं, म्हणून पहिलं अपीलच असं लिही की आयोगापुढे तेच वाचून दाखवता येईल. सोबत कलम १८ ची तक्रारही कर. तिच्या चौकशीत आयोगाला कोणताही अभिलेख मागवून पाहता येतो, आणि तो कोणत्याही सबबीवर आयोगापासून रोखता येत नाही. म्हणजे खरंच गुपित असेल तर ते चव्हाट्यावर न येताही तपासलं जातं. मला ही तरतूद या कायद्यातली सगळ्यात शहाणी वाटते.

मुदत उत्तराच्या पाकिटावरच्या तारखेने मोजू नकोस, तुला ते मिळालं त्या दिवसापासून मोज, आणि पाकीट जपून ठेव. मसुदा तयार झाला की पाठव. प्रत्येक प्रश्नापुढे त्यांचा नकार, त्यापुढे तुझं म्हणणं, असा तीन रकान्यांचा तक्ता केलास तर मला वाचायला सोपं जाईल आणि अपिलीय अधिकाऱ्यालाही.

तुझा,
अनिरुद्ध