सात देशांची सहल रद्द केली, आपण हायडेलबर्गला जातोय

ति. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे बाबा पुढचं शांतपणे वाचतील. मे महिन्यातली ती सात देशांची बसची सहल मी रद्द केली आहे. थोडे पैसे कापून बाकीचे बाबांच्या खात्यात परत येतील. दादाला कल्पना दिली आहे, त्याच्यावर चिडू नका, निर्णय माझा आहे. तिकिटं आणि व्हिसा आहे तसंच राहील. तुम्ही महिनाभर माझ्याकडे स्टुटगार्टला राहायचं आणि मधला एक शनिवार-रविवार आपण सगळे हायडेलबर्गला जाऊ. तिथलं हॉटेलही ठरवून टाकलंय.

बाबा, तुमचं वय झालं म्हणून हे केलेलं नाही. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय हे मलाही ठाऊक आहे. पण मी त्या सहलीचा रोजचा कार्यक्रम नीट वाचला. पहाटे उठून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, दर दुसऱ्या दिवशी नवं हॉटेल, चार-चार तास बसमध्ये. तुम्हाला मध्ये उतरावं लागतं, आणि तुम्ही ते परक्या माणसांना सांगणार नाही. त्यापेक्षा दिवसभर पाणीच पिणार नाही. आई, तुझा गुडघा कितीही ठणकला तरी ‘मला काही होत नाहीये’ म्हणत तू सगळ्यांच्या मागे धावशील. बाबांना स्टेंट बसवला त्या रात्री मी इथे फोन हातात धरून बसले होते. तशी रात्र मला पुन्हा नको आहे, एवढं साधं कारण आहे. पॅरिस राहिलं असं मनात आणू नका. ते पुढच्या वेळी, फक्त आपण, आपल्या गतीने.

आता हायडेलबर्गच का, ते सांगते. आमच्या स्टुटगार्टवरून नेकार नदी जाते तीच पुढे हायडेलबर्गला पोचते आणि मग मानहाइमला ऱ्हाइनला मिळते. आगगाडीने तासाभराच्या आत आपण तिथे असू. नदीच्या एका अंगाला जुनं गाव, त्याच्या डोक्यावर डोंगरात लाल दगडाचा किल्ला, पलीकडच्या तीरावर हिरवळ आणि झाडी. वाईला कृष्णेच्या घाटावर बाबा संध्याकाळी जसे काही न बोलता बसतात, तसं तिथे बसता येतं. नदीकाठच्या त्या हिरवळीवर लोक चादर अंथरून दिवस काढतात, कुणी ऊठ म्हणत नाही. मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

बाबा, तुमच्यासाठी त्या गावात आणखी एक गोष्ट आहे. तुमचा बुन्सेन तिथला! रॉबर्ट बुन्सेन 1852 मध्ये हायडेलबर्गच्या विद्यापीठात आले आणि त्यांचा तो गॅसचा बर्नर 1855 च्या सुमारास तिथल्याच प्रयोगशाळेत तयार झाला. धूर नाही, ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नाही, म्हणून पदार्थाचा रंग स्वच्छ दिसतो. त्याच ज्योतीतला प्रकाश लोलकातून पाहत बुन्सेन आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ मित्र किर्शहोफ या दोघांनी वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखण्याची पद्धत बसवली आणि 1860 मध्ये ड्यूर्कहाइम गावच्या झऱ्याच्या पाण्यात सीझियम हे नवं मूलद्रव्य सापडलं, पुढच्या वर्षी रुबिडियम. मुख्य रस्त्यावर बुन्सेन यांचा पुतळा आहे. आपल्या शाळेत गॅसची सोय नव्हती तेव्हा तुम्ही स्पिरिटच्या दिव्यावर मीठ धरून पिवळी ज्योत दाखवायचात, आणि मी पाचवीत असूनही आठवीच्या वर्गाच्या खिडकीला नाक लावून उभी असायचे. तुम्ही मला हाकललं नाहीत, नुसतं थोडं बाजूला सरकून उभे राहिलात, मला दिसावं म्हणून. त्या पुतळ्यापाशी मला तुमच्या शेजारी उभं राहायचं आहे, बाबा. बाकीचं सगळं नाही बघितलं तरी चालेल.

आणि आई, तुझ्यासाठी रविवार ठेवलाय, आपल्या देवाचा वार. गुंथर सोंथायमर यांचं नाव बाबांना माहीत असेल, तुलाही आजोबांच्या तोंडून ऐकल्याचं आठवेल. जेजुरी, पाली, धनगरवाडे पालथे घालून, मराठी शिकून, वाघ्या-मुरळी आणि धनगरांच्या ओव्या ऐकत ज्यांनी खंडोबा-बिरोबाचा अभ्यास केला, ते हायडेलबर्गच्या विद्यापीठातच शिकवत. तिथे दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था 1962 पासून आहे. सोंथायमर 1992 मध्ये गेले. रविवारी संस्था बंद असेल, पण बाहेरून इमारत बघू. आपल्या कुलदैवताचं इतक्या लांब इतक्या आस्थेने कुणी काम केलं, त्यांच्या संस्थेसमोर उभं राहून तू हात जोडशील हे मला आत्ताच दिसतंय. भंडाऱ्याची छोटी पुडी आणलीस तरी हरकत नाही, फक्त नीट बंद करून सामानाच्या बॅगेत ठेव, हातातल्या पिशवीत नको.

किल्ल्यावर चढायचं नाही, म्हणजे काळजी करायची नाही. गावातल्या कोर्नमार्क्टपासून डोंगरावर जाणारी दोराची रेल्वे आहे, पहिलंच स्थानक किल्ल्याचं. किल्ल्याच्या तिकिटातच तिचं भाडं येतं. बाबा, तो किल्ला फ्रेंच फौजांनी मार्च 1689 मध्ये जाळला आणि 1693 मध्ये पुन्हा येऊन सुरुंग लावून फोडला. तो 1689 चा मार्च आपल्याकडे कसला होता ते तुम्हाला सांगायला नको. पुढे दुरुस्ती झाली, तर 1764 मध्ये वीज पडून पुन्हा आग लागली. आज अर्धा उभा, अर्धा ढासळलेला आहे आणि तसाच जपलाय. तळघरात 1751 सालचं सुमारे 2 लाख 20 हजार लिटर द्राक्षमद्य मावेल एवढं लाकडी पिंप आहे, ते बघून लगेच वर यायचं, तिथे गारठा असतो. आईला आवडेल ते जुन्या औषधांचं संग्रहालय. खल-बत्ते, लाकडी खणांत मुळ्या आणि पाला, काचेच्या बरण्या. तुझ्या आजीच्या बटव्याची तिथे आठवण येईल. बसायला बाकं आहेत, मी पाहून ठेवलीत.

जुना पूल फक्त चालणाऱ्यांचा आहे. त्याआधीचे लाकडी पूल पुरात आणि नदीच्या बर्फात वाहून गेले, म्हणून 1788 मध्ये हा दगडी उभा राहिला. 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याच्या कमानी उडवल्या आणि दोनच वर्षांत गावाने तो परत बांधला. त्यावर सकाळीच जाऊ, गर्दीच्या आधी. बाजारातल्या मोठ्या चर्चमध्येही दोन मिनिटं टेकू. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं जमेना म्हणून 1706 मध्ये त्या एकाच चर्चच्या मधोमध भिंत घातली होती, ती 1936 मध्ये निघाली. आई, वाड्यातली काकांच्या बाजूची भिंत पाडली तेव्हा तू कशी रडली होतीस!

समोरच्या डोंगरावरची ‘तत्त्वज्ञांची वाट’ फार नावाजलेली आहे, पण तिचा सुरुवातीचा चढ खडा आहे. ती यावेळी मी वगळली. बाबांनी हट्ट करू नये.

राहण्याचं म्हणाल तर हॉटेलला लिफ्ट आहे, हे फोन करून विचारलंय, कारण जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते. खोलीत चहाची किटली आहे, चहा-साखर मी घेईन. जेवणानंतर दोन तास झोपायचंच, कार्यक्रमात तसंच लिहिलंय. मांस नको म्हटलं की चीज घातलेल्या गरम श्पेत्सले मिळतात, पिठाच्या छोट्या शेवयांसारख्या, आणि मे महिना म्हणजे पांढऱ्या शतावरीचा हंगाम, बटाट्याबरोबर वाढतात. तरी मी घरून दहीभात आणि थालीपीठं घेईन. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. विद्यापीठाचं मोठं रुग्णालय त्याच गावात आहे. गरज पडणार नाही, पण मला माहीत असलेलं बरं.

आता नीट ऐका. बाबांनी गोळ्या महिन्याच्या नाहीत, दीड महिन्याच्या घ्यायच्या, निम्म्या हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. इथे चिठ्ठीशिवाय रक्तदाबाची गोळी मिळत नाही. एप्रिलमध्ये दोघांच्या रक्ताच्या तपासण्या करून मला फोटो पाठवा. आई, नव्या चपला नकोत, बूट आजच आण आणि रोज घाटापर्यंत घालून चाल. जुन्या गावात फरशा दगडी आहेत, चपलेने पाय मुरगळतो. विमानतळावर व्हीलचेअर मी लिहून दिली आहे, ती घ्यायची. त्यात कमीपणा काही नाही, रांगेत उभं राहायचं वाचतं. स्वेटर दोन. लाडू कमी आण, मेतकूट मात्र आण, चिऊला तूपभातावर तेच लागतं. बाबांनी कुठलीही बॅग उचलायची नाही, अगदी छोटीसुद्धा.

आई, तू फोनवर म्हणालीस, ‘आमच्यामुळे तुमची सुट्टी अडकते.’ असं पुन्हा म्हणू नकोस. लहानपणी ताप आला की तू रात्रभर माझ्या कपाळावर घड्या ठेवायचीस आणि सकाळी तशीच डबे भरायला उठायचीस. मला दोन दिवस तुझ्या शेजारी बसून नदी बघायची आहे, घाई नसलेले दोन दिवस. ते मला हवे आहेत, तुमच्याइतकेच माझ्यासाठी.

रागावला असाल तर आज रागवा, पण रविवारी फोन उचला. आणि बाबा, बुन्सेन यांच्याबद्दल चिऊला काय सांगायचं ते आत्तापासून ठरवून ठेवा, ती सात वर्षांची आहे आणि खूप प्रश्न विचारते.

तुमची,
मनू