माझी चूक धुरंधरांच्या नावावर का? : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स. न. वि. वि.

मी सांगलीच्या खणभागात राहणारा, एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. गेल्या आठवड्यात जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयाच्या नूतनीकरण केलेल्या सभागृहाचे उद्घाटन झाले. तेथील भिंतींवरची बारा चित्रे पाहून मी थेट आपल्यालाच लिहीत आहे, कारण त्या कार्यालयाला दिलेल्या चार अर्जांची पोच माझ्याजवळ आहे, उत्तर एकाचेही नाही. कार्यालयाचे नाव मी घेत नाही. नाव घेतले की चौकशी अर्जदाराचीच होते, हे पेन्शनच्या फाइलीमागे दोन वर्षे फिरताना शिकून झाले आहे.

गेल्या वर्षी याच कार्यालयाने मला बोलावून घेतले आणि जुन्या पिढीतले चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधर यांच्या धाटणीची, आपल्या भागातील लोकजीवनावरची बारा तैलचित्रे हवी आहेत, असे सांगितले. साहेबांनी चहा दिला, ‘सर, हे काम तुमच्याशिवाय कोण करणार’ असे म्हणाले, आणि निघताना नमुन्यादाखल माझ्या जुन्या कामांचे मोठ्या आकारातील फोटो पेन ड्राइव्हवर आणून द्यायला सांगितले. मी २१४ फोटो दिले. लेखी आदेश ‘येईलच’ या शब्दावर विसंबून ३८,४०० रुपयांचा कॅनव्हास आणि रंग उधारीवर आणले. आदेश आलाच नाही, उधारी मात्र आजही माझ्या नावावर आहे. चित्रे संगणकाने करून, कॅनव्हासवर छापून, सोनेरी चौकटीत बसवून झाली. उद्घाटनाच्या दिवशी ओळखीच्या शिपायाने ‘सर, तुमचंच काम ना हे?’ असे विचारले, तेव्हा मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, मंत्रिमहोदय. तिसऱ्या चित्रात हळदीच्या बाजारात बसलेली एक बाई आहे. तिच्यावर उजेड उजवीकडून पडतो आहे आणि तिच्या नथीच्या मोत्यावरची चमक मात्र डाव्या बाजूला आहे. ही चूक धुरंधरांची नाही, माझी आहे. उजेड कोठूनही येवो, मोत्यावरचा पांढरा ठिपका माझ्या हातून डावीकडेच पडतो. १९८३ साली माझ्या गुरुजींनी त्यासाठी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला होता, तरीही ती खोड गेली नाही. आता ती खोड ‘धुरंधर शैली’ अशा पितळी पाटीखाली दिमाखात लटकते आहे.

हे कसे घडले ते मला तेथल्याच एका तंत्रज्ञ मुलाने सांगितले. मुलगा सरळ आहे, त्याच्यावर माझा राग नाही. लाखो चित्रांवर शिकलेले यंत्र आधीच तयार असते. एखाद्या चित्रावर मुद्दाम धूळ टाकल्यासारखे करायचे आणि ती पुसून मूळ चित्र शोधायला यंत्राला लावायचे. चुकले की किती चुकले ते मोजायचे आणि पुन्हा लावायचे, असे हजारो वेळा. त्यानंतर शे-दोनशे विशिष्ट चित्रे दाखवली की यंत्र ती धाटणी उचलते. ‘धुरंधरांच्या चित्रांचे पुरेसे स्पष्ट फोटो आम्हाला मिळाले नाहीत, तुमचे चांगले होते,’ असे तो निरागसपणे म्हणाला. साहेबांना माझी चित्रे नको होती, माझा डेटा हवा होता, हे मला चहा पिताना कळायला हवे होते.

त्या २१४ फोटोंमध्ये काय होते, ते या निमित्ताने सांगतो. विद्यार्थी असताना पहाटेच्या गाडीने रहिमतपूरला उतरून, तेथून एस.टी.ने सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन, यमाईच्या डोंगरावरील श्री भवानी संग्रहालयात उभ्याने केलेले धुरंधरांच्या चित्रांचे अभ्यास होते. कोपरापर्यंत पिवळ्या झालेल्या हातांनी हळद निवडणाऱ्या बायका होत्या, मिरजेत सतारीचा भोपळा तासणारे कारागीर होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात कमरेइतके पाणी शिरले, तेव्हा सौ.ने दागिन्यांचा डबा खाली सोडून या मूळ चित्रांची बाडे माळ्यावर टाकली होती. त्यांची किंमत ‘नमुन्यादाखल’ या एका शब्दात झाली.

परदेशातही असे प्रयोग झाले आहेत, हे मला ठाऊक आहे. २०१६ साली नेदरलँड्समध्ये जुन्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ३४६ चित्रांचा अभ्यास संगणकाकडून करवून घेऊन एक नवे व्यक्तिचित्र तयार केले गेले. त्यात डेल्फ्टचे तांत्रिक विद्यापीठ होते, मॉरित्सहाउस आणि रेम्ब्रांटचे घर ही संग्रहालये होती. रंगाच्या थरांची जाडी येण्यासाठी तेरा थरांत छपाई केली, आणि मुख्य म्हणजे हे यंत्राचे काम आहे असे पहिल्या दिवसापासून जगाला सांगितले. आपल्याकडे एक पेन ड्राइव्ह आणि एक पितळी पाटी एवढ्यावर भागले. २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सात ते दहा हजार डॉलर अपेक्षित असलेले यंत्रनिर्मित चित्र ४,३२,५०० डॉलरला गेले, आणि ज्या एकोणीस वर्षांच्या मुलाने मोकळ्या मनाने सर्वांसाठी ठेवलेला कोड त्यासाठी वापरला गेला, त्याला त्यातला एक डॉलरही मिळाला नाही. तेव्हा सांगलीच्या निवृत्त मास्तरला काही मिळावे अशी अपेक्षा धरणे हा माझाच भाबडेपणा म्हणावा लागेल.

मला कायदा समजावून सांगण्यात आला आहे. शैलीवर कोणाची मालकी नसते. धुरंधर १९४४ साली गेले, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मृत्यूनंतरची साठ वर्षे केव्हाच सरली. मान्य आहे, मी स्वतःच त्यांच्याकडून उचलत आलो. पण त्या हळदवाल्या बाया धुरंधरांच्या नाहीत, माझ्या आहेत, मी अजून जिवंत आहे आणि त्याच कायद्याचे कलम ५७ कर्त्याला स्वतःचे नाव सांगण्याचा हक्क देते. हे कलम दाखवल्यावर मला ‘तसली तरतूद आमच्या हेडमध्ये (खर्चाच्या शीर्षात) नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले. छपाईला आणि चौकटींना मात्र हेड सापडले. खर्च माझ्या उधारीच्या बिलाच्या तिप्पट झाला असे ऐकतो. आकडा ऐकीव आहे, पण तो खोडून काढायलाही कोणी पुढे आलेले नाही.

औंध हे बहात्तर गावांचे संस्थान होते. तेथील राजा, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रे काढत असे आणि त्याने डोंगरावर संग्रहालय बांधून १९३८ साली लोकांसाठी उघडले. आपल्याकडे छत्तीस जिल्हे आहेत. मी निवृत्त झालो तेव्हा माझी जागा भरली गेली नाही. चित्रकलेचे तास गणिताच्या सरांकडे गेले आणि ते बिचारे त्या तासाला गणितच शिकवतात. माझ्या हाताखालून एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पाच हजार मुले तरी बसली असतील. उद्या त्यांच्यातले कोणी औंधला जाऊन उभ्याने अभ्यास करणार नसेल, तर पुढच्या यंत्राला दाखवायला फोटो आणणार कोठून, हे तरी एखाद्या समितीकडून तपासून घ्यावे. समित्यांना तरतूद असते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. पाटी बदलून चित्रे यंत्राने केली आहेत आणि कोणाच्या कामावरून केली आहेत, ते लिहावे. उधारीचे ३८,४०० रुपये मिळावेत. शासकीय कामासाठी कलाकाराकडून फोटो घेताना ते कशासाठी वापरणार, हे लेखी देण्याचा नियम करावा. आणि तो पेन ड्राइव्ह परत मिळावा. तो माझ्या नातीचा आहे, त्यात तिचा दहावीचा विज्ञान प्रकल्प आहे, आणि ती मला रोज विचारते.

कळावे,

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
खणभाग, सांगली