इकिगाई म्हणजे करिअर नव्हे

'इकिगाई शोधा, करिअर घडवा' हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. इकिगाई हा जपानी शब्द, म्हणजे ज्यासाठी जगावंसं वाटतं ती गोष्ट. लेखासोबत चार वर्तुळांचं चित्र होतं, आवड, कौशल्य, जगाची गरज आणि पगार, मधे इकिगाई. हे चित्र जपानी नाहीच. स्पेनमधल्या आंद्रेस झुझुनागा यांच्या आकृतीत 2014 साली मार्क विन या ब्रिटिश ब्लॉगरने 'इकिगाई' हा शब्द टाकला आणि ते जगभर फिरलं.

जपानमध्ये या विषयावर मुळापासून काम केलं ते मानसोपचारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी. 1957 पासून त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात जात होत्या, तिथे माणसांना कायद्याने डांबून ठेवलेलं, घरदार तुटलेलं, करिअर वगैरे तर सोडाच. तरी काही रुग्ण रसरसून जगत होते, आणि ते का, यावर कामियांचं 1966 चं पुस्तक उभं आहे. त्याच बेटावर दृष्टी गेलेल्या रुग्णांचा माउथ ऑर्गनचा बँड होता. बोटांची संवेदना गेलेली, म्हणून ते ब्रेलमधली नोटेशन्स जिभेने वाचायचे! यात पगाराचं वर्तुळ कुठे बसवणार?

आधीच नोकरीच्या टेन्शनमध्ये असलेल्या पोरांना 'पैसे मिळत नसतील तर ती तुमची इकिगाई नाही' असं सांगणं मला फार चुकीचं वाटतं, संध्याकाळी तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या अकाउंटंटचं काहीही अपुरं नसतं. पुरवणीने कामियांवर एक सविस्तर लेख जरूर छापावा.

– एक वाचक, डोंबिवली