आधी संघटना, मग सवलत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कबड्डीच्या लिलावाचे आकडे आपण क्रीडा पानावर ठळक छापता. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लागली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण लिलावात ज्यांचं नावसुद्धा पुकारलं जात नाही, त्यांच्या पैशांबद्दल कुठे ओळभर येत नाही. संघमालकांना वेतनाच्या कायद्यातून सवलत हवी असेल, तर आधी या खेळाडूंची स्वतःची संघटना हवी, एवढं सांगायला हे पत्र.

मी अमळनेरचा. उमेदीची वर्षं गिरणीच्या टाइम ऑफिसात गेली. हजेरी, जादा काम, भत्ता, कपात, हेच रोजचं. माझा पुतण्या कबड्डी खेळतो, उजवा कोपरा सांभाळतो. एका संघानं त्याच्यापुढे ठेवलेला करार तो मला दाखवायला घेऊन आला. स्टँपपेपरवर एकच पान. हंगामाची रक्कम ठोक. सराव ‘व्यवस्थापन सांगेल तितका वेळ’. राहण्या-जेवणाचा खर्च त्याच रकमेतून वळता. आणि दुखापत झाली तर त्या दिवसापासून पैसे बंद. ज्या खेळात गुडघाच आधी जातो, त्या खेळात हे कलम! जुन्या सवयीनं पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तासांचा हिशेब मांडला, तर रावेरकडे केळीचे घड वाहणाऱ्याची मजुरी त्याहून बरी निघाली. सही करू नको म्हणालो, तर पोरगा म्हणतो, “नाना, सही नई करी ते खेयसू कोठे?”

या विषयावर बोललं की कोणीतरी हमखास अमेरिकेचा दाखला देतं. तिथेही व्यावसायिक खेळाडूंना वेतनाच्या कायद्यातून सूट आहे, मग इथेच कशाला कटकट? हे अर्धंच सांगणं आहे. तिथल्या बेसबॉलमध्ये वरच्या संघांखाली शिकाऊ खेळाडूंच्या लीग आहेत. या पोरांनी 2014 मध्ये किमान वेतनासाठी दावा लावला. तो चालू असतानाच 2018 मध्ये दोन हजारांहून जास्त पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवलं गेलं: हंगामात आठवड्याला 40 तासांचं किमान वेतन दिलं की झालं, मग तास कितीही भरोत. ताशी 7.25 डॉलरनं ते 290 डॉलर होतात. हंगामाआधीच्या सराव शिबिराला तेही लागू नाही. ही सूट मिळाली तेव्हा या पोरांची संघटनाच नव्हती. दावा पुढे 2022 मध्ये 18 कोटी 50 लाख डॉलरवर मिटला.

त्याच वर्षी असे पाच हजारांवर खेळाडू वरच्या संघांतल्या खेळाडूंच्या संघटनेत आले आणि 2023 मध्ये त्यांचा पहिला सामुदायिक करार झाला, म्हणजे संघटनेनं सगळ्यांच्या वतीनं मालकांशी केलेला करार. खालच्या ‘ए’ वर्गातल्या खेळाडूचा वर्षाचा पगार 11,000 डॉलरच्या आसपास होता, तो 26,200 वर गेला. फ्लोरिडा राज्यानं 2023 मध्येच या खेळाडूंना राज्याच्या किमान वेतनातून वगळलं खरं, पण पगार आणि कामाच्या अटी ठरवणारा सामुदायिक करार असेल तरच. मला तीही सूट फारशी पटत नाही. करार चांगला असेल तर कायद्याची अडचण का व्हावी? त्यापेक्षा कॅलिफोर्नियाची रीत बरी. तिथे युनियनचा करार असलेल्या कामगारांना जादा कामाच्या नियमातून सवलत मिळते, पण मूळ दर राज्याच्या किमान वेतनाहून निदान 30 टक्के जास्त हवा आणि जादा कामाचा वाढीव दरही करारात लिहिलेला हवा.

युनियनची सही म्हणजे सगळं आलं, असंही मी मानत नाही. गिरण्यांना 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. एका मान्यताप्राप्त युनियनची सही सगळ्यांवर बंधनकारक, मग कामगाराला ती युनियन नको का असेना. 1982 मध्ये मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या मागे लाखो कामगार गेले, त्यामागे हा रागही होता. तेव्हा खेळाडूंच्या नावानं सही करणारी संघटना खेळाडूंनी स्वतः निवडलेली हवी, संघमालकानं चहा पाजून उभी केलेली नको.

आपल्याकडे तर तीही नाही. क्रिकेटसारख्या श्रीमंत खेळातसुद्धा 2019 मध्ये जी संघटना झाली, ती निवृत्त खेळाडूंची. खेळत्या पोरांच्या वतीनं बोलणी करायला कोणी नाही. कायद्याचं म्हणाल, तर 1948 च्या किमान वेतन कायद्यात ठरावीक धंद्यांची यादी असायची, किमान वेतन त्यांनाच. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, तिनं ती यादीच काढून टाकली. आणि कायद्यानं मिळणारा पैसा सोडून देतो असं कोणी लिहून दिलं, तरी ते जुन्या कायद्यात रद्दबातल होतं, नव्या संहितेतही आहे. मग पुतण्याचा तो स्टँपपेपर कुठे बसतो? कोपरा सांभाळून पकड करणं हे कुशल काम की अकुशल, की कामच नाही? संघमालक म्हणतील, हा नोकर नाही, खेळाडू आहे. पण सरावाला उशीर झाला की दंड कापतात, तो कोणाचा कापतात?

राज्याच्या कामगार विभागानं याचं उत्तर एका परिपत्रकात द्यावं: ठोक रकमेवर बांधलेला, मालकाच्या वेळेनं राबणारा खेळाडू संहितेत धरला जातो की नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयानं खुल्या स्पर्धांच्या वेळी संघांकडून करारांच्या प्रती मागून घ्याव्यात आणि दुखापतीचं कलम तेवढं तपासावं. आणि पुढच्या लिलावाच्या बातमीत सर्वात मोठ्या बोलीशेजारी सर्वात लहान रक्कमही छापा, ही आपल्याला विनंती.

आपला वाचक,
एक निवृत्त टाइमकीपर, अमळनेर
(पोराला अजून खेळायचं आहे, म्हणून नाव छापू नये.)