वकील संघटनांच्या ठरावांच्या वह्या जपाव्यात

महोदय,

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे, म्हणजे मुंबईबाहेर बसणाऱ्या खंडपीठाचे, कामकाज 18 ऑगस्ट 2025 रोजी सुरू झाले, तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वकिलांनी पेढे वाटले आणि ते योग्यच होते, कारण सहा जिल्ह्यांतील वकिलांनी ही मागणी चार दशके लावून धरली होती. अपिलाची पेपरबुके पिशवीत घालून रात्रभर एसटीने मुंबई गाठायची आणि प्रकरण बोर्डावर असूनही पुकारा न झाल्यामुळे पक्षकारासह रिकाम्या हाताने परतायचे, हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे. मात्र या मागणीसाठी कोर्टाच्या कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव आपल्या तालुक्यात कोणत्या सभेत झाला, तो कोणी मांडला आणि त्याला विरोध कोणी केला, असे आज एखाद्या नव्या सनदधारकाने विचारले, तर त्याच्यापुढे ठेवायला बहुतेक बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातील वकिलांच्या खोलीत, एकही कागद निघत नाही. त्याविषयी हे पत्र आहे.

हा विचार मनात येण्याचे निमित्त तसे दूरचे आहे. टेक्सासमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या पुतणीने तिच्या शहरातील लॅटिनो वकिलांच्या, म्हणजे मेक्सिको, प्वेर्तो रिको आदी स्पॅनिश भाषक मुलखांशी नाते असलेल्या वकिलांच्या, संघटनेची छोटी इतिहासपुस्तिका मला पाठवली. अध्यक्षांचे फोटो आणि सत्कारांची यादी असेल, अशा समजुतीने मी ती उघडली. तिची सुरुवात एका कोर्टाच्या स्वच्छतागृहाच्या पाटीपासून होती.

टेक्सासमधील जॅक्सन परगण्यात पीट हर्नांडेझ या मेक्सिकन वंशाच्या शेतमजुराला खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरवण्यात आले. ज्या ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचमंडळाने, तो निर्णय दिला तिच्यात मेक्सिकन नावाचा एकही माणूस नव्हता, इतकेच काय, मागच्या 25 वर्षांत त्या परगण्यात असा कोणी ज्युरीवर बसलाच नव्हता. गस गार्सिया, कार्लोस कॅडेना, जॉन हरेरा आणि जेम्स डिअँडा या वकिलांनी हा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मेक्सिकन लोक गोरेच गणले जातात, तेव्हा भेदभावाचा प्रश्न येतोच कुठे, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. त्याला उत्तर त्याच कोर्टाच्या इमारतीत मिळाले. तेथे पुरुषांची दोन स्वच्छतागृहे होती. त्यांतील एकावर काहीच लिहिलेले नव्हते, तर दुसऱ्यावर कृष्णवर्णीय पुरुषांसाठीची सूचना आणि तिच्या जोडीला स्पॅनिशमध्ये ‘ओंब्रेस आकी’, म्हणजे ‘पुरुषांसाठी येथे’, असे लिहिलेले होते. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी 3 मे 1954 रोजी हर्नांडेझला दोषी ठरवणारा निर्णय रद्द करताना दिलेल्या एकमताच्या निकालपत्रात या पाटीचा उल्लेख आहे. (पुढे हर्नांडेझवर नव्याने खटला चालून तो पुन्हा दोषीच ठरला. वकिलांचा वाद ज्युरी निवडण्याच्या रीतीशी होता, हे आपल्या ज्युनिअरांनी ध्यानात घ्यावे.) यानंतर दोनच आठवड्यांनी शाळांमधील वर्णभेदाविषयीचा गाजलेला ब्राऊन खटल्याचा निकाल लागला आणि हा निकाल त्याच्या सावलीत गेला. मेक्सिकन समाजाच्या हक्कांसाठी खटले लढवणारी ‘माल्डेफ’ ही संस्था 1968 मध्ये सॅन अँटोनियोत उभी राहिली, तर लॅटिनो वकिलांची देशपातळीवरील संघटना 1972 मध्ये ‘ला रासा’ या नावाने स्थापन झाली आणि आता ती हिस्पॅनिक नॅशनल बार असोसिएशन म्हणून ओळखली जाते. लॅटिनो समाजातील सोनिया सोटोमायोर 2009 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून पोहोचल्या, तोवरचा हा पल्ला आहे.

पुस्तिका वाचताना मला महाडचा दावा आठवला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध 1927 मध्ये महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला, डिसेंबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम निघाला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल 17 मार्च 1937 रोजी लागला. कोकणातील एका तालुक्याच्या कोर्टात उभा राहिलेला हा दावा देशाच्या इतिहासात गेला, पण कोकणातल्या एखाद्या वकील संघटनेच्या स्मरणिकेत तो क्वचितच दिसतो. त्या काळी तेथील वकीलवर्गात कोण कोणाच्या बाजूने उभा राहिला, हा आपल्या पेशाच्या इतिहासाचा भाग आहे, तो गैरसोयीचा असला तरी. खोती आणि कूळकायद्याच्या दाव्यांबाबतही तेच म्हणावे लागेल, कारण खोतांचे वकीलपत्र घेणारे आणि कुळांचे वकीलपत्र घेणारे एकाच बाररूममध्ये चहा पीत असत.

आता जवळचे सांगतो. मी 1976 मध्ये सनद घेतली. ज्या तालुक्याच्या संघटनेत मी सभासद झालो (तिचे नाव येथे देत नाही), तेथे लाल कापडी पुठ्ठ्याची प्रोसिडिंगची वही असे आणि सभेनंतर चिटणीस शाईच्या पेनाने तीत ठराव लिहीत. आमच्याकडे पहिली महिला वकील आली, तेव्हा कोर्टाच्या आवारात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते आणि ती दुपारच्या सुट्टीत रस्ता ओलांडून एका ओळखीच्या घरी जात असे. ‘महिला वकिलांसाठी स्वतंत्र सोय व्हावी’ असा ठराव त्या वहीत लागोपाठ तीन वर्षे आहे, शब्दही तेच. तिसऱ्या वर्षी चिटणिसांनी खाली कंसात ‘मागील दोन्ही अर्जांस उत्तर नाही’ असे लिहून ठेवले आहे. टेक्सासच्या पाटीइतकाच हा पुरावा बोलका आहे, असे मला वाटते. पुढे बाररूम नव्या जागेत हलली, तेव्हा जुन्या वह्या, वर्गणीच्या पावत्या आणि सभांच्या नोटिसा पोत्यात भरून रद्दीवाल्याला देण्यात आल्या. मला कळले तोवर एकच वही उरली होती, तीही टंकलेखकाने खुर्चीवर उंची वाढवण्यासाठी घेतली होती म्हणून.

कोकणात कागद टिकवणे कठीण आहे, हे मान्य. पावसाळ्यात बुरशी आणि उन्हाळ्यात वाळवी यांपासून कपाट वाचत नाही. म्हणूनच रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील संघटनांनी निदान पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत आपल्याकडील आणि ज्येष्ठ सभासदांच्या घरातील वह्या मोजून त्यांची यादी करावी, त्यांची पाने स्कॅन करून घ्यावीत आणि मूळ वह्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या जुन्या वाचनालयाकडे ठेवण्यास द्याव्यात. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला, त्यापूर्वीचे सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याकडील वकिलांचे पत्रव्यवहार रत्नागिरीत निघू शकतील. वकिलांचे जुने कारकून आणि टंकलेखक यांच्या आठवणी मात्र आधी ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण त्यांतील बहुतेकांनी ऐंशी ओलांडली आहे आणि कोणत्या वकिलाने कोणाचे वकीलपत्र नाकारले, हे त्यांनाच ठाऊक असते.

माझ्याकडची वही 1978 ते 1986 या काळातील असून तिची पहिली अकरा पाने वाळवीने खाल्ली आहेत. कोणतीही संघटना स्कॅन करणार असेल, तर मी ती स्वतः आणून देईन आणि काम होईपर्यंत शेजारी बसेन.

आपला,
एक ज्येष्ठ वकील,
राजापूर, जि. रत्नागिरी