पथकातल्या मुलांच्या सुरक्षिततेबाबत सूचना

सर्व ताई-दादांना नमस्कार,

परवा सराव साडेनऊला संपला. ढोल आवरून निघालो, तर फाटकाशी आपली सहावीतली ताशेवाली हातात काड्या घेऊन एकटीच उभी. बाबा ट्रॅफिकमध्ये अडकलेले. वीस मिनिटं कुणाच्या लक्षातच आलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

यापुढे शेवटचं मूल पालकांकडे जाईपर्यंत दोन मोठ्या सभासदांनी थांबायचंच. १८ वर्षांखालच्या कुणालाही एकट्याने गाडीवर सोडायला नेऊ नका, ओळख कितीही जुनी असो. ढोल कमरेला बांधून देताना आधी विचारा. मुलींना ताईच बांधतील. मुलांना खासगी मेसेज नकोत, पालक असलेल्या ग्रुपवरच बोला. झांजेवरचा आपला गतिमंद दादा सरावानंतर एकटा घरी जात नाही, हेही नव्या मंडळींनी लक्षात ठेवा.

काही खटकलं तर आपापसात मिटवू नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. मूल सांगू लागलं तर शांतपणे ऐकून घ्या, उलटतपासणी नको. त्याचं नाव ग्रुपवर अजिबात टाकू नका.

– पथकप्रमुख